फिरणारं पातं : कुठल्या माशाला कुठला स्पिनर

(दृश्य : काळ्या कापडावर ठेवलेला एक स्पिनर. कॅमेरा अगदी जवळ.)

स्पिनर म्हणजे मासे धरायचं फिरणारं आमिष. बोटभर लांबीची तार. खालच्या टोकाला तीन तोंडांचा गळ, मधे पितळेचं छोटं वजन, त्याच्या वर एखाद-दुसरा मणी आणि मण्याच्या वर पातं. हे पातं तारेला थेट जोडलेलं नसतं. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या एका इवल्याशा कडीत ते अडकवलेलं असतं आणि ती कडी तारेभोवती मोकळी फिरते. दोरी ओढली की पाणी पात्याच्या पोटात भरतं, पातं तारेपासून बाहेर उघडतं आणि गरगर फिरू लागतं.

आमिषांची पेटी उघडली की डोळा आधी रंगांवर जातो. लाल ठिपके, हिरवे पट्टे, सोनेरी झळाळी. पण स्पिनरची निवड रंगापासून सुरू केली, तर ती चुकण्याचीच शक्यता जास्त. आधी पाणी बघायचं. पाण्यावरून पात्याचा आकार ठरतो. मासा कुठला आहे यावरून स्पिनर केवढा आणि गळ कसा हे ठरतं. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी.

(दृश्य : पाण्याखाली, फिरत येणारा स्पिनर.)

माशाच्या दोन्ही कुशींवर, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेघ दिसते. ही पार्श्वरेषा. तिच्यातल्या संवेदनशील पेशींना आसपासच्या पाण्याची हालचाल कळते, अगदी डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. जखमी किंवा बावरलेला छोटा मासा धडपडतो, तेव्हा पाण्यात जे हलके धक्के उठतात, तसेच धक्के फिरणारं पातं देतं. शिवाय प्रत्येक फेऱ्याला त्यावर उजेड चमकतो. म्हणजे स्पिनर दोन वाटांनी माशापर्यंत पोचतो, चमकेने आणि कंपनाने. ह्या दोहोंतलं काय जास्त हवं, ते पात्याचा आकार ठरवतो.

(दृश्य : तीन पाती शेजारी शेजारी. एक गोल, एक थेंबासारखं, एक लांबट.)

गोल, खोलगट पात्याला कोलोरॅडो म्हणतात. ते तारेपासून खूप बाहेर उघडतं, सुमारे पन्नास अंश किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे ते पाण्याला जोरात अडवतं, कंपन भरपूर देतं आणि अगदी सावकाश ओढलं तरी फिरत राहतं. लांब, निमुळतं पातं म्हणजे विलो. ते तारेच्या जवळ राहून फिरतं, कंपन कमी देतं, चमक मात्र खूप. वाहत्या पाण्यात तळहात पसरून धरला तर पाणी त्याला मागे रेटतं, तोच हात कड पुढे करून धरला की पाणी सरकून जातं. गोल आणि लांबट पात्यांत नेमका हाच फरक आहे. दोघांच्या मधे थेंबाच्या आकाराचं इंडियाना.

आता हे पाण्याशी जोडून बघा. पाऊस पडून गेलाय, पाणी गढूळ आहे, हातभर पलीकडचं दिसत नाही. तिथे चमकेचा उपयोग थोडा. मासा कंपनावरच येणार, म्हणून गोल पातं. नितळ पाण्यात, जोराच्या प्रवाहात गोल पातं घातलंत तर प्रवाह त्याला उचलून वर आणतो आणि स्पिनर पृष्ठभागाशी घसटत राहतो, मासे राहतात खाली. तिथे लांबट पातं खोलवर टिकतं. थंड पाण्यात पुन्हा गोल पातं, कारण माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर उतरतं, त्याच्या हालचाली मंदावतात आणि वेगात जाणाऱ्या आमिषामागे तो धावत नाही. सावकाश ओढूनही फिरत राहणारं पातंच तिथे कामाचं.

(दृश्य : जुन्या आमिषांची छायाचित्रं.)

फिरत्या धातूचं आमिष ही जुनी कल्पना आहे. अमेरिकेत ज्युलिओ बुएल यांनी 1852 मध्ये अशा आमिषाचं पेटंट घेतलं. 1938 मध्ये फ्रान्समधले अभियंते आंद्रे म्युलनार यांनी मेप्स हा स्पिनर बनवला. आजही जगभर वापरात असलेले कितीतरी स्पिनर त्याच घडणीचे आहेत. पुढे गळाभोवती खारीच्या शेपटीचे केस बांधण्याची पद्धत रूढ झाली. दिसायला ती सजावट वाटते, पण केसांचं काम मोठं आहे. ते पाण्यात श्वास घेतल्यासारखे फुलतात-मिटतात, गळ झाकतात आणि स्पिनरला जरा तोलून धरतात, म्हणजे तो भसकन तळाला जात नाही.

(दृश्य : डोंगरातला ओढा. दगडांमधून उसळणारं पाणी.)

ट्राउट. थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. तो प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या दगडाच्या आडोशाला उभा असतो. तिथे प्रवाहाचा जोर कमी, आणि वाहून येणारं खाणं मात्र डोळ्यांसमोरून जात असतं. म्हणून ओढ्यात खालच्या बाजूने वर सरकत जायचं आणि स्पिनर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा. मासा पाठमोरा असतो, त्याला तुम्ही दिसत नाही.

इथे हाताचं कसब लागतं. स्पिनर प्रवाहाबरोबर तुमच्याकडे वाहत येत असतो. त्याच वेगाने दोरी गुंडाळली तर पात्यात पाणी भरणारच नाही आणि ते लुळं पडून राहील. प्रवाहापेक्षा किंचित, अगदी किंचित जास्त वेगाने रील फिरवायचं. स्पिनर पाण्याला टेकताच रॉडच्या टोकाने एक हलका झटका द्यायचा, तेवढ्यात पातं उघडतं. त्यानंतर ते फिरतंय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत नाही. रॉडच्या टोकातून बारीक थरथर मनगटापर्यंत येते. ती थरथर थांबली की पातं थांबलं, किंवा त्यात शेवाळ अडकलं, किंवा मासा लागला.

आकार लहान ठेवायचा. मेप्सच्या क्रमांकांत बोलायचं तर 0, 1 किंवा 2, म्हणजे साधारण अडीच ते साडेचार ग्रॅम. अरुंद ओढ्यात याहून मोठा स्पिनर पडला की त्याच्या आवाजानेच मासे पांगतात. मोठ्या नदीत, खोल डोहात 3 नंबर चालतो.

पर्च माशांना हाच लहान आकार पुरतो. ते थव्याने फिरतात आणि एक मिळाला की त्याच जागी पुन्हा टाकावं. क्रॅपी या अमेरिकेतल्या लहान माशासाठी त्याहूनही लहान, आणि झटका अजिबात नको. त्याच्या ओठांची कातडी इतकी पातळ असते की जोराने ओढलं तर गळ फाडून बाहेर येतो.

(दृश्य : तळ्याचा काठ, पाणवनस्पतींची कड. हिरवट, ठिपक्यांचा लांब मासा स्थिर उभा.)

पाइक मात्र वेगळ्याच स्वभावाचा. तो पाठलाग करत हिंडत नाही. वनस्पतींच्या कडेला निश्चल उभा राहतो आणि टप्प्यात आलेल्या भक्ष्यावर झेप घेतो. त्याचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, पुढे बघणारे. म्हणून स्पिनर त्याच्या पातळीच्या थोडा वरून न्यावा, खालून गेलेलं त्याला सहज दिसत नाही. 4 किंवा 5 नंबरचा मोठा स्पिनर, तेरा ग्रॅमपर्यंतचा, त्याला एक घास वाटतो. आणि दोरी व स्पिनर यांच्यामधे वीतभर धातूची तार हवीच. पाइकचे दात साधी दोरी क्षणात कापतात. मग तीन तोंडांचा गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो आणि तो त्याच्या जिवावर बेतू शकतो. पाइकच्या पाण्यात तारेशिवाय उतरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पाइक कधी कधी स्पिनरमागे थेट काठापर्यंत येतो आणि शेवटच्या हातभर अंतरात ठरवतो. स्पिनर घाईने पाण्याबाहेर उचलू नका. काठाशी आल्यावर त्याला एक वळण द्या. दिशा बदलली, की पळ काढणारं भक्ष्य समजून तो झडप घालतो.

वॉलआय आणि झँडर या पर्चच्या कुळातल्या माशांच्या डोळ्यांत, मांजरासारखाच, प्रकाश परतवणारा एक थर असतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, गढूळ पाण्यात त्यांना चांगलं दिसतं, म्हणून दुपारपेक्षा तिन्हीसांजेला ते जास्त मिळतात. त्यांच्यासाठी गोल पातं, आणि नावेतून अगदी सावकाश ओढणं.

सामनची गोष्ट निराळी. समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरला की तो खाणं जवळपास सोडून देतो. तरी समोरून जाणाऱ्या मोठ्या स्पिनरवर तो धावून जातो, भुकेने नव्हे, डिवचला गेल्यामुळे. म्हणून त्याच्यासाठी स्पिनर प्रवाहाला आडवा टाकून, दोरी ताणलेली ठेवून, त्याच्या तोंडासमोरून सावकाश वळवत न्यायचा.

(दृश्य : कमळाच्या पानांनी भरलेलं उथळ तळं. एक बुडबुडा, पाण्यावर एक वलय.)

मरळ. हा मासा कल्ल्यांच्या जोडीला हवेतूनही श्वास घेतो, आणि त्यासाठी त्याला वर यावंच लागतं. ते वलय दिसलं, की मासा कुठे आहे हे कळलं. पण तो राहतो दाट वनस्पतींत, आणि तीन तोंडांचा उघडा गळ तिथे दोन हातही सरकत नाही. इथे साध्या स्पिनरऐवजी स्पिनरबेट घ्यायचं. त्याची तार मधे वाकवलेली असते. वरच्या फांदीला पाती, खालच्या फांदीला एकच, वर तोंड केलेला गळ. वरची तार वनस्पती बाजूला सारते आणि गळ मोकळा येतो. बास माशांसाठी, झाडांच्या बुंध्यांत आणि लव्हाळ्यांत, हेच आमिष सर्वांत भरवशाचं.

एक विनंती मात्र मनापासून. मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. पाण्यावर बारीक पिल्लांचा थवा हलताना दिसला, तर खाली आईबाप असतात आणि आमिषावर ते हमखास तुटून पडतात. तिथे गळ टाकू नका. ते गेले तर पिल्लांचा थवा उघडा पडतो.

महसीरसाठी, जिथे तो पकडून सोडण्याची परवानगी आहे तिथे, पात्यापेक्षा गळाकडे लक्ष द्या. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि त्यांची पकड जबरदस्त असते. जोराच्या प्रवाहात त्याची पहिली धाव इतकी मोठी असते की हलका गळ आणि तो जोडणारी बारीक कडी सरळ उघडतात. जाड तारेचाच गळ हवा.

(दृश्य : एकच स्पिनर, आधी पृष्ठभागाशी, मग खोल पाण्यात. रंग बदलत जातो.)

आणि आता रंग. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं. काही मीटर खाली लाल ठिपका काळपट दिसू लागतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी बास माशांच्या दृष्टीचा अभ्यास केला. त्यांना लाल आणि हिरवा रंग चांगले ओळखता आले, पण झगझगीत पिवळसर हिरवा आणि पांढरा यांत ते गोंधळले. पेटीतले निम्मे रंग माणसाच्या डोळ्यांसाठी असतात, असं म्हणायला यामुळे मला बळ मिळतं. चांदी, पितळ, तांबं आणि काळा, एवढ्यावर बहुतेक पाणी निभावतं. नितळ पाण्यात नेहमीच्या दिवशी चांदी. कडक उन्हात ती चमक माशाला बुजवू शकते, तेव्हा तांबं. गढुळात पितळ. अंधार पडताना काळा, कारण खालून बघणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर त्याची आकृती ठळक दिसते.

(दृश्य : पक्कड, गळ, ओले हात.)

स्पिनर फिरतो तशी दोरीलाही पीळ पडतो. दोरी आणि स्पिनरमधे एक चांगली स्विव्हल, म्हणजे मोकळी फिरणारी जोडकडी, ठेवा, नाहीतर थोड्याच वेळात रीलवर गुंता होतो. मासा सोडायचा असेल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करा, किंवा तीन तोंडांचा गळ काढून एकच तोंडाचा बसवा. दोरी ताणलेली ठेवली तर मासे फारसे सुटत नाहीत, आणि गळ एका हाताने निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि रोगजंतूंपासून त्याचं रक्षण तोच थर करतो.