बुक्कम सिंग: कॅनडाच्या पलटणीतला महिलपूरचा पोरगा

हे मेडल आधी नीट बघा. ब्राँझचं आहे, पंख पसरलेली विजयदेवता, वर सप्तरंगी रिबन, आणि मागच्या बाजूला लिहिलंय की हे महायुद्ध सभ्यतेसाठी लढलं गेलं, १९१४ ते १९१९. अशी मेडलं तेव्हा लाखोंनी वाटली गेली, त्यामुळे जुन्या वस्तूंच्या बाजारात ती सहज मिळतात. पण आता कॅमेरा कडेवर नेलाय तिथे बघा. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, सगळं या कडेवर कोरलेलं असायचं. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या एका दुकानात हे मेडल कॅनडातले शीख इतिहास संशोधक संदीप सिंग ब्रार यांच्या हाती लागलं, आणि कडेवर नाव होतं बुक्कम सिंग. पलटण कॅनडाची!

इथून पुढचं काम कागदांचं आहे आणि मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे. पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैनिकांच्या सहा लाखांहून जास्त फायली ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवल्यात. भरती कुठे झाली, कुठल्या पलटणीतून कुठे बदली, कधी जखमी, कुठल्या हॉस्पिटलात, पगार घरी कुणाला पाठवायचा, सगळं. त्या ढिगातून या एका पोराचं अख्खं आयुष्य बाहेर आलं.

जन्म ५ डिसेंबर १८९३, पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातलं महिलपूर. १९०३ मध्ये, म्हणजे अगदी लहानपणीच, जमशेर गावच्या प्रीतम कौरशी लग्न झालं. १९०७ मध्ये १३-१४ वर्षांचा असताना तो एकटा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उतरला. आधी खाणीत काम केलं, मग पार पूर्वेकडे ओंटारियो प्रांतात आला आणि रोझबँकला शेतमजूर म्हणून राहिला.

आणि तो आला तो काळ बघा. त्याच १९०७ साली ब्रिटिश कोलंबियाने भारतीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. १९०८ मध्ये नियम आला की मायदेशातून मधे कुठे न थांबता सरळ आलात तरच उतरू देऊ, आणि भारतातून तशी सरळ बोटच मिळायची नाही, शिवाय खिशात २०० डॉलर पाहिजेत. मग बायकोला बोलावणार कसं? १९१४ च्या मे महिन्यात ३७६ भारतीय प्रवासी घेऊन कोमागाता मारू ही बोट ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हरला आली, दोन महिने बंदरात अडवून ठेवली आणि जुलैत परत हाकलली. हे होऊन वर्षही झालं नव्हतं, १९१५ च्या वसंतात हा पोरगा जाऊन भरती झाला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कॅनडात सक्तीची भरती १९१७ मध्ये आली.

एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंगेसारख्या गावांतून जे गेले ते ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतून गेले, आपल्या भाषेच्या, आपल्या गावच्या माणसांसोबत. बुक्कम सिंग कॅनडाच्या फौजेत गेला. तिथे सगळे मिळून जेमतेम दहा-एक शीख सापडलेत, म्हणजे आपल्या बोलीत दोन शब्द बोलायला पलटणीत कुणी असण्याची शक्यता फारच कमी.

आता जी शेतं दिसतायत ती बेल्जियममधल्या ईप्रची आहेत. १९१६ मध्ये विसाव्या कॅनेडियन बटालियनबरोबर तो याच भागात खंदकात होता. जूनमध्ये तोफगोळ्याचा तुकडा डोक्याला लागला, बरा होऊन परत गेला, आणि जुलैत सेंट एलोईजवळ पायात गोळी लागली. उपचार फ्रान्समधल्या बुलोनच्या कॅनेडियन लष्करी हॉस्पिटलमध्ये झाले, जिथे जॉन मॅक्रे डॉक्टर होते. हे तेच मॅक्रे, ज्यांच्या कवितेमुळे आज नोव्हेंबरमध्ये कॅनडात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोटाकोटावर लाल पॉपीचं फूल दिसतं. पुढे इंग्लंडमध्ये क्षय झाला, कॅनडात परत पाठवलं, शेवटचं वर्ष ओंटारियोतल्या किचनेरच्या फ्रीपोर्ट हॉस्पिटलात गेलं आणि २७ ऑगस्ट १९१९ ला तो वारला, वय २५. प्रीतम कौर पंजाबातच राहिली.

हे किचनेर म्हणजे जर्मन स्थलांतरितांच्या वंशजांचं, १९१६ पर्यंत बर्लिन नाव असलेलं शहर. इथल्या माउंट होप दफनभूमीत त्याची कबर आहे, पहिल्या महायुद्धातल्या शीख सैनिकाची कॅनडातली माहीत असलेली ही एकमेव कबर. जवळजवळ नव्वद वर्षं तिच्याकडे कुणी आलं नाही, मेडल सापडल्यावर माहिती झाली आणि आता दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या रिमेम्ब्रन्स डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास इथे मानवंदना होते. पगड्या घातलेले आजचे कॅनेडियन सैनिक, पोलीस, शाळकरी मुलं, सगळी दिसतायत तुम्हाला. मतदानाचा हक्क भारतीयांना परत मिळाला तो १९४७ मध्ये.

त्या सगळ्या फायली आता ऑनलाइन आहेत, फुकट, कुणालाही बघता येतात. तुमच्यापैकी कॅनडात राहणाऱ्यांनी एकदा तरी आपल्या गावच्या युद्धस्मारकावरचं एखादं नाव तिथे टाकून बघा, भरतीच्या पहिल्याच पानावर जन्मगाव लिहिलेलं असतं.