पद्मिनी आणि ॲम्बेसिडर : बॉनेटखालचा हिशेब

ही पद्मिनी. मुंबईत हिला आजही फियाटच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. इटलीची फियाट 1100 डी ही गाडी प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसी, ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर. शेजारची ॲम्बेसिडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्तान मोटर्सनं ती बंगालात उत्तरपाड्याला बनवली. हिचं इंजिन 1489 सीसी, ताकद 50 च्या आसपास.

आकडे ऐकून ॲम्बेसिडर जिंकली असं वाटेल. पण वजनही बघा. पद्मिनी जेमतेम 900 किलो, ॲम्बेसिडर 1100 च्या पुढे. टनामागे ताकद काढली, तर दोघी जवळपास बरोबरीत येतात.

खरा फरक टेबलावर मांडलेल्या या पिस्टनमध्ये आहे. पद्मिनीचा पिस्टन 68 मिलिमीटर व्यासाचा, वर-खाली धावतो 75 मिलिमीटर. ॲम्बेसिडरचा 73 चा, धाव जवळजवळ 89. धाव लांब, म्हणून इंजिन हळू फिरत असतानाही जोर मिळतो. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन ॲम्बेसिडर चढाला तोच गिअर धरून रेटत राहते. पद्मिनीला गिअर उतरवावा लागतो, इंजिन फिरतं ठेवावं लागतं. गाडी चालवण्याची आवड असलेल्याला मात्र हेच हवं असतं.

हा तिचा हँड गिअर. स्टेअरिंगखालच्या या दांड्यापासून सळया थेट गिअरबॉक्सपर्यंत जातात. सांध्यांतली ही छोटी बुशं झिजली की गिअर सापडत नाही, आणि लोक गाडीलाच नावं ठेवतात. बुशं बदला, ग्रीस भरा, मग बघा. दोन बोटांनी गिअर पडतो.

धक्के झेलायला मागे दोघींनाही पाट्यांच्या स्प्रिंगाच आहेत. पुढे पद्मिनीला कॉइल स्प्रिंग, ॲम्बेसिडरला टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन धक्का झेलणारी पोलादी दांडी. खड्ड्यांत ॲम्बेसिडरला तोड नाही, मागच्या सीटवरचा माणूस सुखात असतो. वळणावर मात्र ती झुकते, पद्मिनी नेटकी वळते.

1990 च्या दशकात ॲम्बेसिडरला इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन मिळालं, ताकद 75 च्या घरात गेली. पेट्रोल पद्मिनी शेवटपर्यंत 1089 वरच राहिली. तिचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं, ॲम्बेसिडरचं 2014 मध्ये. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातूनही पद्मिनी गेली.

आता उतार. दोन्ही गाड्यांना मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर ड्रम तापतात, पकड सुटत जाते. म्हणून दुसरा गिअर टाकायचा, वेग इंजिनलाच धरू द्यायचा, ब्रेक फक्त वळणाआधी. इथे वजनानं हलकी असलेली पद्मिनी आधी आवरते.