आधी परतीचा दिवस

(धरमपेठेत एका गिर्यारोहण मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार.

अलास्काहून आल्यापासून सगळे म्हणतात, सर, फोटो दाखवा. तुमच्या मंडळाच्या ताई तेवढ्या म्हणाल्या, तयारी कशी केली ते सांगा. मला हा प्रश्न फार आवडला, कारण आमची सहल अठरा दिवसांची आणि तयारी चौदा महिन्यांची होती. त्या तयारीतच मी जास्त शिकलो.

सुरुवात आपल्या पायाखालच्या दगडापासून करतो. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी काळ्या बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा जवळजवळ आपल्या शहरापाशी संपतो. भंडाऱ्याकडे निघालं की दगड बदलतो. म्हणजे आपण नागपूरकर त्या प्रचंड लाव्हापठाराच्या काठावर राहतो. टाकळीजवळ या लाव्हाच्या थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो, शंखशिंपल्यांसकट. त्यांचा पहिला नीट अभ्यास केला तो स्टीफन हिस्लॉप यांनी. ज्यांच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये आहे, तेच. हे हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेल्या दगडांची प्राचीन दफनस्थळं, पाहून परत येत होते आणि वाटेतल्या पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. हा परिसर ते कोळून प्यायलेले होते. तरी परतीच्या वाटेवरच्या एका ओढ्यानं त्यांना नेलं. आमच्या चौघांच्या पहिल्या बैठकीत मी नकाशा उघडण्याआधी हीच हकिकत सांगितली होती.

आता जायचं कुठे होतं ते सांगतो. अलास्काच्या नैर्ऋत्येला कॅटमाई राष्ट्रीय उद्यान आहे. ६ जून १९१२ ला तिथे ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला आणि साधारण साठ तास चालला. विसाव्या शतकातला पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा उद्रेक तोच. दीडशेच्या वर किलोमीटर लांबच्या कोडियाक गावात राखेनं असा अंधार झाला की हात लांब करून धरलेला कंदीलही दिसेना. जवळ वस्ती नव्हती म्हणून माणसं वाचली. चार वर्षांनी, १९१६ मध्ये, रॉबर्ट ग्रिग्ज हे वनस्पतिशास्त्रज्ञ खिंड चढून वर गेले आणि त्यांना समोर अख्खी दरी वाफाळताना दिसली. त्यांनी तिला नाव दिलं, दहा हजार धुरांची दरी.

आज तो धूर नाही. दरी राखेच्या लोंढ्यानं भरून गेली होती, काही ठिकाणी दोनशे मीटर जाड. त्याखाली नद्या आणि बर्फ गाडले गेले. गरम राखेत त्या पाण्याची वाफ होऊन ती भेगांमधून वर येत होती. ती उष्णता राखेची होती, खोलवरच्या शिलारसाची नव्हती. राख निवाली, धूर थांबला. आणखी एक गोष्ट मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडते. कॅटमाई पर्वताचं शिखरच खचलं, म्हणून उद्रेक त्याचाच झाला असं कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात शिलारस बाहेर पडला दहा किलोमीटर लांबच्या नोव्हारुप्ता नावाच्या तोंडातून. हे नीट उलगडायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. खड्डा एका ठिकाणी, कारण दुसऱ्याच ठिकाणी.

या दरीपर्यंत गाडीरस्ता पोचत नाही. अँकरेजहून किंग सॅमन गावापर्यंत विमान. तिथून पाण्यावर उतरणारं छोटं विमान तुम्हाला उद्यानातल्या ब्रूक्स कॅम्प या तळावर नेतं. मग ३७ किलोमीटर कच्च्या रस्त्यानं उद्यानाची बस. बस जिथे थांबते तिथून पुढे पायी. पाऊलवाट अशी फारशी उरतच नाही.

आमचा पहिला आराखडा मीच कागदावर मांडला होता. पहिला दिवस नागपूर ते दिल्ली, असा वरून खाली. आमच्यातल्या एकीनं, ती रुग्णालयात परिचारिका आहे, तो कागद उलटा केला आणि मागे शेवटून सुरुवात केली. कामावर हजर व्हायचा दिवस. त्याआधी अँकरेजहून निघायचा दिवस. छोटी विमानं धुक्यात उडत नाहीत, म्हणून त्याआधी तीन दिवस कोरे. त्याआधी दरीतून बाहेर यायचा दिवस, आणि नदी चढली तर थांबायला आणखी दोन. असं मागे मागे येत गेल्यावर दरीत चालायला दिवस उरले पाच. माझ्या कागदावर ते दहा होते. मला वाईट वाटलं, पण तिचा कागद बरोबर होता. तिकिटं काढणाऱ्या एजंटानं मात्र छोट्या विमानानंतर तीन तासांनी सुटणारं मोठं विमान धरलं होतं. ते बदलून घ्यायला बराच भुर्दंड पडला. तो भरा, पण असं तिकीट ठेवू नका.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख सगळ्यात आधी बघा, ती कधी मिळेल हे आपल्या हातात नसतं. ब्रूक्स कॅम्पच्या तंबूच्या जागा मोजक्या आहेत, त्यांचं आरक्षण जानेवारीच्या सुरुवातीला उघडतं आणि भराभर संपतं. स्टोव्हचं इंधन कुठल्याच विमान कंपनीच्या सामानात चालत नाही, ते तिकडेच घ्यायचं. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मोबाइलला तिथे रेंज नाही, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र लागतंच. पण आपल्या देशात ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. ऑनलाइन मागवू नका, परत येताना पिशवीत आणू नका. आम्ही अँकरेजला भाड्यानं घेतलं आणि तिथेच परत केलं.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आपल्या नागपूरच्या उन्हाची मदत झाली. मे महिन्यात गच्चीवर सुती धोतर अंथरून आम्ही शिजवलेली मुगाची डाळ, भात आणि गाजराचा कीस वाळवला. आपल्या उन्हात दोन दिवसांत डाळ अशी कडक झाली की वाटीत टाकली तर खडखड वाजायची. गरम पाणी ओतलं की दहा मिनिटांत वरण. शिवाय सातूचं पीठ आणि गूळ. सावजी मसाला मात्र घरीच ठेवला, कारण कॅटमाईत दोन हजारांवर तपकिरी अस्वलं आहेत आणि वास त्यांना फार लांबून येतो. खाणंच काय, टूथपेस्टसुद्धा अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात बंद करून तंबूपासून दूर ठेवावी लागते. ब्रूक्स कॅम्पला उतरल्या उतरल्या अस्वलांशी कसं वागायचं याचा वर्ग होतो, तो चुकवता येत नाही. आपण ताडोब्याला जिप्सीत बसून वाघ पाहतो. तिथे तुम्ही आणि अस्वल एकाच जमिनीवर पायी असता. चंद्रपूरकडे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना हे मुद्दाम शिकवावं लागत नाही. त्या बोलत, हाका मारत जातात. आम्हीही तसंच चाललो.

आणखी एक, तुरटी. तिथल्या पाण्यात हिमनदीची दगडपूड आणि राख असते, गाळणी तासाभरात तुंबते. आजी पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवायची, तशी मी पातेल्यात फिरवली. सकाळी खाली बोटभर करडा गाळ, वर निवळ पाणी. बरोबरचे परदेशी पदभ्रमणकर्ते तो तुरटीचा खडा हातात घेऊन पाहत होते.

आता नदीचं सांगतो. दरीतल्या मुख्य नदीचं नाव लीथी, ग्रीक पुराणातली विस्मरणाची नदी. पूल नाही. हिमनदीचं पाणी म्हणजे दुपारी उन्हानं चढतं, पहाटे उतरतं. म्हणून नागपुरातच, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आम्ही दोन नियम लिहून चौघांनी सह्या केल्या होत्या. सकाळी नऊनंतर नदीत पाय घालायचा नाही. आणि चौघांतल्या एकालाही नको वाटलं, तर कोणीच जायचं नाही. कारण विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आम्ही काठावर पोचलो. पाणी गिलाव्याच्या मालासारखं, करडं, तळ दिसत नाही. प्यूमिसचे, म्हणजे ज्वालामुखीतून आलेले सच्छिद्र, हलके दगड वरून तरंगत जात होते, बुचासारखे. पण पाण्याखाली जड धोंडे एकमेकांवर आदळत होते. तो आवाज कानापेक्षा तळपायाला आधी कळत होता. रुंदी फार तर आपल्या गल्लीएवढी. आमच्यातला सगळ्यात धाकटा, चोवीस वर्षांचा, म्हणाला, सर, दोन मिनिटांचं काम आहे. खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. एवढ्या लांब आलो, पलीकडे नोव्हारुप्ता, ऊनही छान. खिशातून कागद काढला. त्यावर त्याचीही सही होती. आम्ही तंबू लावला.

पहाटे पाचला तेच पात्र ओळखू येईना. पाणी वीतभर उतरलं होतं, मधला एक खडक उघडा पडला होता. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडला, म्हणजे पडलोच तर पिशवी फेकून देता येते. प्रवाहाकडे तोंड, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल. कन्हानच्या उथळ पात्रात आम्ही याची बारा रविवार तालीम केली होती. पाणी इतकं गार की घोटे आहेत की नाहीत ते कळेना. चौघं पार झालो तेव्हा पाच चाळीस झाले होते.

त्या संध्याकाळी नोव्हारुप्तापाशी उभा होतो. काळ्या, फुटक्या दगडांचा तो घुमट, उंची पासष्ट मीटर, आपल्या डोळ्यांना टेकडीच. एका भेगेशी तळवा नेला, ओलसर ऊब लागली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेल्या दगडावर मी आयुष्य काढलं. इथे शंभर वर्षांनंतरही निवायचं काम चालू होतं. तिथे रडू आलं मला, ते सांगायला संकोच नाही.

परतताना नदीनं एक दिवस अडवलं, ब्रूक्स कॅम्पला धुक्यानं दोन दिवस. सगळे कोऱ्या दिवसांतून गेले. सोमवारी आमची परिचारिका वेळेवर कामावर हजर होती.

पुढच्या जुलैत पुन्हा जायचा विचार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी या रविवारी पहाटे पाचला सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी यावं. पाठीवर पंधरा किलो वजन घेऊन या. आणि येताना घरी कागदावर परतीचा दिवस लिहून आणा.