वि. का. आणि वै. का.: एका नावाची दोन माणसं

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गेले १९२६ साली. आता एखाद्या इंग्रजी कॅटलॉगमध्ये व्ही. के. राजवाडे असं टाकून शोधा, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९४० मध्ये छापलेलं यास्काच्या निरुक्तावरचं, म्हणजे वेदातल्या शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथावरचं, पुस्तकही त्याच नावाखाली येईल. ते इतिहासाचार्यांचं नाही, त्यांच्या थोरल्या भावाचं आहे, वैजनाथ काशिनाथ राजवाड्यांचं. सख्खे भाऊ, म्हणजे वडिलांचं नाव एक, आडनाव एक, आणि विश्वनाथ काय नि वैजनाथ काय, रोमन लिपीत दोघांचं पहिलं अक्षर व्ही. मराठीत आपण वि. का. आणि वै. का. लिहितो, प्रश्नच मिटतो. रोमनमध्ये गेलं की वेलांटी गेली, मात्रा गेल्या, उरलं एकच नाव.

बरं, विषयावरून ओळखू म्हणाल तर तेही सोपं नाही. वि. का. म्हटलं की आपल्याला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड आठवतात, पण त्यांनी संस्कृत भाषेचा उलगडा लिहिलाय, ज्ञानेश्वरीची प्रत संपादित केलीय, शब्दांच्या व्युत्पत्त्यांवर प्रचंड काम केलंय. म्हणजे संस्कृत म्हणजे वैजनाथ आणि इतिहास म्हणजे विश्वनाथ अशी वाटणी करून चालत नाही. कॉम्प्युटर अशा वेळी काय बघतो, तर सहलेखक कोण, संस्था कुठली, गाव कुठलं, साल कुठलं. इथं सहलेखक नाही, संस्था आणि गाव यांवरून खात्रीनं ठरत नाही, राहिलं फक्त साल, आणि सालावरही डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण माणूस गेल्यावरही पुस्तकं निघतात, नव्या आवृत्त्या निघतात. शेवटी कोणीतरी पुस्तक हातात घेऊन प्रस्तावना वाचावीच लागते, आणि मला वाटतं ग्रंथालयातल्या माणसाचं हे खरं काम आहे, त्याला कारकुनी समजू नका.

हे जुन्या पुस्तकांपुरतं नाही हां. मेडिकल पेपर्सचा पबमेड हा एवढा मोठा डेटाबेस, त्यात लेखकांची पूर्ण नावं घ्यायला सुरुवात झाली २००२ पासून, त्याआधी आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच. आता पाटील एस किंवा जोशी ए म्हणजे नेमकं कोण? काळे आणि काले रोमनमध्ये एकच. आणि बायकांच्या बाबतीत उलटंच होतं, लग्नाआधीचे पेपर एका नावावर, नंतरचे दुसऱ्या, एकाच बाईचं काम दोन जागी विभागलं जातं आणि तिच्या अनुभवाची बेरीज कोणी करतच नाही. याचा मला खरंच राग येतो.

आपल्याकडे खरं तर हा प्रश्न लोकांनी केव्हाच सोडवलेला. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं म्हटल्यावर गोंधळ होणारच, म्हणून बाळाजी विश्वनाथ आणि त्यांचा नातू बाळाजी बाजीराव, वडिलांच्या नावानं फरक कळतो. माधवराव दोन झाले तर एक थोरले, एक सवाई. आणि आज बरेच ऑनलाइन फॉर्म भरायला गेलात की फर्स्ट नेम, लास्ट नेम, झालं, मधलं नाव टाकायला जागाच नाही, म्हणजे जी माहिती माणसं वेगळी करते तीच आपण गाळतो.

जिवंत संशोधकांसाठी २०१२ पासून ऑर्किड (ORCID) आहे, म्हणजे प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख सांगणारा सोळा आकडी नंबर, त्यातलं शेवटचं चिन्ह आधीचे आकडे चुकले नाहीत ना हे तपासण्यासाठी. नाव बदललं, संस्था बदलली, नंबर तोच. तुमच्यापैकी जे पीएचडी करतायत त्यांनी आज घरी जाऊन काढा, फुकट आहे. पण तो ज्याचा त्यानं काढायचा, राजवाडे कुठून काढणार? गेलेल्या लेखकांसाठी मग ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र जोडणारं व्हीआयएएफ आहे, कोणालाही भर घालता येणारा विकिडेटा हा माहितीसाठा आहे, आणि तिथं काम तुम्हा-आम्हालाच करायचंय.

तिथं माझं एक कळकळीचं सांगणं आहे, मर्ज करायची, म्हणजे दोन नोंदी एक करायची, घाई करू नका. एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर पुढं कधीही जोडता येतात. पण दोन माणसं एका नोंदीत घातलीत की एकाचं जन्मसाल दुसऱ्याच्या पुस्तकाला चिकटतं, ते दुसरा डेटाबेस उचलतो, त्याच्याकडून तिसरा, आणि मग सोडवायचं म्हणजे प्रत्येक पुस्तक पुन्हा तपासा, आणि ज्यांनी उचललं त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचेलच असं नाही. विकिडेटावर ‘याहून वेगळा’ असं सांगणारा गुणधर्म आहे, पी१८८९, तो दोन्ही बाजूंनी भरा, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की हे कोणीतरी बघून ठरवलंय.

आणि काही ठिकाणी ठरतच नाही. संत नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्यात, अभ्यासकांनी भाषेवरून, नाममुद्रेवरून (कवीनं अभंगात गुंफलेल्या आपल्या नावावरून) त्या वेगळ्या करायचा खूप प्रयत्न केलाय, तरी काही अभंगांबद्दल वाद आहेच. अशा अभंगाला डेटाबेसमध्ये लेखक म्हणून दोघांचीही नावं लावा, प्रत्येकाबरोबर कोणत्या अभ्यासकाचं मत ते लिहा, आणि वादग्रस्त अशी खूण करून ठेवा.