अडकणं वेगळं, बंद पडणं वेगळं

लांबच्या प्रवासाविषयी बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दगा न देणारी फोर बाय फोर कोणती? त्याचं उत्तर जरा आडवाटेने देतो.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवायची सोय. वाळूत किंवा चिखलात मागच्या चाकांची पकड सुटली तर पुढची ओढतात. ही सोय गाडीला अडकू देत नाही. पण बंद पडण्याशी तिचा काहीएक संबंध नाही. उलट साध्या गाडीपेक्षा हिच्यात ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी), जादा डिफरन्शियल (वळणावर चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना), जादा शाफ्ट (ताकद चाकांकडे नेणारे दांडे) आणि त्यांचे जॉइंट असतात, म्हणजे बिघडायला जागा जास्त. शिवाय साधी गाडी वस्तीपासून हाकेच्या अंतरावर रुतून बसली असती, तिथून ही पन्नास किलोमीटर आत जाते आणि मग बंद पडते. तरी लोक विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र), दोर आणि वाळूत घालायच्या फळ्या हौसेने घेतात. रेडिएटरचा होज (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची रबरी नळी) शेवटचा कधी बदलला, हे मात्र त्यांना आठवत नाही.

बाहेर गाडी बंद पडते ती सहसा इंजिन फुटून नाही. होज फाटतो, फॅन बेल्ट तुटतो, बॅटरीचा क्लॅम्प ढिला होतो, वायर पत्र्यावर घासून शॉर्ट होते, शॉक अब्सॉर्बर मान टाकतात, चाकाचं बेअरिंग जातं. या सगळ्यांच्या मागे तीनच गोष्टी आलटून पालटून दिसतात: हादरे, वजन आणि उष्णता. त्यातल्या हादऱ्यांवर जरा जास्त बोलणार आहे, कारण त्यांना कुणी मोजतच नाही.

कच्च्या रस्त्यावर वाहतूक वाढली की आडव्या लाटा उठतात, थेट पन्हळी पत्र्यासारख्या. 2007 मध्ये ताबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाळूवरून चाक फिरवून हे तपासलं. वेग एका मर्यादेपुढे गेला की लाटा आपोआप उठायला लागतात, असं त्यांना आढळलं. त्यामुळे ग्रेडर फिरवून रस्ता सपाट केला, तरी गाड्या त्याच वेगाने धावत राहिल्या तर पुन्हा पन्हळी होणारच. आता हिशेब करा. दोन लाटांमध्ये 80 सेंटिमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी 80 किलोमीटरने चालली आहे. म्हणजे प्रत्येक चाकाला सेकंदाला जवळजवळ 28 धक्के, तासाला एक लाख! घट्ट आवळलेला कुठला बोल्ट एवढं सहन करेल?

वेग वाढवला की गाडी लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जाते आणि हादरे कमी होतात, असं मुरलेले ड्रायव्हर सांगतात. खरं आहे ते, पण आत बसलेल्यांपुरतं. चाकं वर-खाली होतच असतात आणि ती सगळी हालचाल शॉक अब्सॉर्बर गिळतो. त्याचं कामच मुळी हालचालीची उष्णता करायची. तासन्‌तास असं चाललं की आतलं तेल तापून फेसाळतं, सील गळायला लागतो आणि मग चाक सावरायला कुणी उरत नाही. शिवाय तरंगणाऱ्या गाडीचे टायर जमिनीला पुरते टेकलेले नसतात, त्यामुळे वळणावर आणि ब्रेक लावताना ती हातात राहत नाही. अशा रस्त्यावर दर तासा-दीड तासाने थांबा आणि शॉकच्या जवळ हात न्या. चटका बसेल इतका तापला असेल तर त्याला निवू द्या. चारांतला एकच गार असेल तर तो बहुधा कामच करत नाहीये.

यावरचा सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे टायरमधली हवा कमी करणं. डांबरी रस्त्यावर 36 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवत असाल तर पन्हळी रस्त्यावर 26-28 वर या. धक्क्याचा पहिला घास टायर घेतो आणि पुढच्या सगळ्यांचं आयुष्य वाढतं. मऊ वाळूत आणखी खाली, 16-18 पर्यंतही उतरता येतं. मात्र हवा उतरवली की वेगही उतरवायचा. कमी हवेचा टायर वेगात पळवला तर त्याची बाजूची भिंत तापून फाटते. हवा भरायचा पंप जवळ नसेल तर उतरवायच्या फंदात पडू नका.

वजनाची गोष्ट थोडी कटू आहे. अनेक मोठ्या फोर बाय फोर गाड्यांची भार वाहायची मर्यादा माणसं धरून सहाशे-सातशे किलोच्या आसपास असते. पाच माणसं बसली की निम्मा कोटा संपला. मग स्टीलचा बंपर, विंच, दुसरी बॅटरी, टपावरचा तंबू, पाण्याचे कॅन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यात कुणाला सूट नाही. 'वेळ आली तर असावं' म्हणून घेतलेलं सामानच अनेकदा ती वेळ आणतं. पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे वजन टांगलं की त्याची तरफ होते. स्प्रिंगच्या पाट्यांना आधार म्हणून एअरबॅग (हवेची उशी, अपघातात फुगते ती नव्हे) बसवली तर चासीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा, ताण एकाच जागी गोळा होतो. गाडीची पाठ वर उचललेली दिसते, मालक खूश होतो, आणि एखाद्या खोल खड्ड्यात चासी वाकते. यावर रस्त्याकडेला दुरुस्ती नाही.

आता खुद्द फोर बाय फोर यंत्रणेकडे वळू. ज्या गाडीत ती हवी तेव्हा जोडायची असते आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं, तिथे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. वाळूत चाकं थोडी घसरतात आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, शाफ्टमध्ये पीळ भरत जातो, फोर बाय फोरचा लिव्हर अडकून बसतो. अशा वेळी लिव्हरशी कुस्ती खेळू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो. याच्या उलट दुखणं म्हणजे न वापरणं. वर्षभर शहरात फिरवलेल्या गाडीचं फोर बाय फोर ऐन चिखलात लागतच नाही, कारण जोडणी गंजून किंवा चिकटून बसलेली असते. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ते लावून थोडं अंतर चालवायचं, एवढंच करायचं असतं.

पाण्यातून जाताना सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं आणि ते योग्यच आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पण डिफरन्शियलची गंमत कमी लोकांना ठाऊक असते. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. त्या दिवशी काही कळत नाही. नंतर कधीतरी तेल दुधासारखं पांढरट निघतं, तोवर बेअरिंगचं नुकसान झालेलं असतं. म्हणून पाण्यात घालण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा आणि ब्रीदरची नळी उंचावर नेऊन बसवा.

जुनी गाडी बरी की नवी, हा वाद न संपणारा. 1955 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे काही विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि 1956 मध्ये सिंगापूरला पोचले. ही हकीकत ऐकली की जुन्या गाड्यांचे चाहते मूठभर मांस वाढल्यासारखे बोलतात. पण जुन्या गाड्या बिघडायच्या कमी, असं मात्र नाही. त्या बिघडायच्या, आणि पाना-हातोडीने उभ्या राहायच्या. आजच्या गाडीला तशी वेळ क्वचित येते, पण एखाद्या सेन्सरने गडबड केली की कॉम्प्युटर ताकद कापतो आणि गाडी रांगायला लागते. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात (एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरना इंधन देणाऱ्या) इंधनाचा दाब 2000 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोन हजार पट जातो. डिझेलात पाणी मिसळलेलं असेल तर इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) निकामी होतात आणि ते झाडाखाली बसून दुरुस्त होत नाहीत. मी स्वतः नवी गाडी निवडेन, पण छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघड वाचणारं यंत्र) आणि जादा डिझेल फिल्टर घेतल्याशिवाय निघणार नाही. आणि ज्या मुलखात जायचं तिथले मेकॅनिक कोणतं मॉडेल ओळखतात, हे आधी विचारेन. संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदत संस्थांच्या ताफ्यांत लँड क्रूझर एवढ्या दिसतात, त्यामागे मजबुतीइतकंच हेही कारण आहे की तिचे सुटे भाग आणि तिला हात लावणारा माणूस दूरदूरपर्यंत सापडतो.

मघाशी मागच्या रांगेतून चिठ्ठी आली होती: निर्मनुष्य जागी गाडी बंद पडली तर आधी काय करायचं? काटा लाल झाला असेल तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, वाफेने हात भाजतो. बॉनेट उघडा, थांबा, मग बेल्ट, होज आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं गवत पाहा. सायलेन्सरभोवतीचं गवतही काढा, ते पेटतं. इंजिन फिरतंय पण सुरू होत नसेल तर डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. फिरतच नसेल तर बॅटरीचे क्लॅम्प हलवून बघा. आणि काहीच जमलं नाही तर चालत मदत शोधायला निघू नका. वाळवंटात माणसं दगावतात ती बऱ्याचदा गाडी सोडून चालत गेल्यामुळे. शोधायला आलेल्यांना वरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. पाणी मोजून ठेवा, सॅटेलाइट मेसेंजरवरून जागा कळवा आणि गाडीजवळच सावली करून बसा.