बासनातील नावे

दृश्य : अंबाजोगाई. माळवदाच्या जुन्या घरातील आतली खोली. लाकडी फडताळाचे दार उघडते.

या फडताळात एके काळी पोथ्या असत. लाल कापडाच्या बासनात बांधलेल्या, वेखंडाचा उग्र वास अंगात मुरलेल्या त्या पोथ्या आता देवघरात हलल्या आहेत आणि त्यांच्या जागी कॅसेटी उभ्या आहेत. प्रत्येक कॅसेट तिच्या मूळ डबीत आहे, प्रत्येक डबीत तिचे मूळ छापील कार्ड आहे, आणि डबीवर पुन्हा एक स्वच्छ, पातळ पिशवी आहे. घराचे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. गाव त्यांना गुरुजी म्हणते; आपणही गुरुजीच म्हणू. गुरुजींना गाणी जमवण्याचा नाद आहे असे लोक सांगतात. ते स्वतः मात्र आपण कव्हरे जमवतो असे म्हणतात, आणि दोन दिवस त्यांच्यासोबत बसल्यावर तेच अधिक खरे आहे हे आमच्या लक्षात आले.

कॅसेटच्या डबीत घड्या घालून बसवलेल्या छापील कागदाला धंद्यातील लोक इनले कार्ड म्हणत, गिऱ्हाईक त्याला कव्हर म्हणे. त्याच्या दर्शनी बाजूवर गायकाचा किंवा देवाचा फोटो असे, पाठीच्या अरुंद पट्टीवर कॅसेटचे नाव असे, आणि आतल्या बाजूला बारीक अक्षरांत उरलेले सगळे असे : गीतांची यादी, गीतकार, संगीत, वाद्यवृंद, ध्वनिमुद्रण.

दृश्य : कार्डाचा जवळून घेतलेला भाग. बोट एकेका ओळीवरून सरकते.

गुरुजींनी आमच्यासमोर उलगडलेले हे कार्ड भीमगीतांच्या एका कॅसेटचे आहे. ते एकाच निळ्या शाईत छापलेले आहे, घडीच्या रेषेवर कागद पांढरा पडला आहे, आणि एका ठिकाणी 'हार्मोनियम'मधला रफार छापताना पुढच्या अक्षरावर गेला आहे. गायकाचे नाव मोठ्या टायपात, गीतकाराचे मध्यम टायपात; त्याखाली ढोलकीवाल्याचे, बँजोवाल्याचे, आणि सर्वांत शेवटी कोरसमधल्या चार बायकांची फक्त पहिली नावे, त्यापुढे 'आणि पार्टी' एवढेच. या चार बायकांनी गाणे गायले याचा जगात दुसरा पुरावा असेल असे गुरुजींना वाटत नाही. टेपवर त्यांचा आवाज आहे, पण त्या आवाजाला नाव या कागदानेच दिले आहे.

माझ्या घरातही अशा चाळीसएक कॅसेटी होत्या. माझे चुलते भजनी मंडळात आणि पुढे एका गायन पार्टीत ढोलकी वाजवत, आणि त्यांच्या दोन कॅसेटी निघाल्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्या सगळ्या कॅसेटी मी शहरातील एका दुकानात पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्यासाठी दिल्या. गाणी नीट उतरली, आवाजही चांगला आला. मात्र डब्या आणि कार्डे फार जागा अडवतात म्हणून दुकानदाराने ती मला न विचारता रद्दीत घातली होती. पेन ड्राइव्हवर आज 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी नावे दिसतात. चुलत्यांच्या त्या दोन कॅसेटी यांतल्या कोणत्या हे घरात आता कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. ही हकिकत ऐकल्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग एवढेच म्हणाले, "आवाज काय, कोणीबी उतरवून देतंय. नावं कोण उतरवून देणार?"

नाव जपण्याची ही काळजी आपल्याकडे नवी नाही. हिंगोलीजवळच्या नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ या सर्वांनी आपले नाव अभंगाच्या शेवटच्या चरणातच गुंफले. 'नामा म्हणे', 'म्हणे जनी', 'एका जनार्दनी' या नाममुद्रेमुळे कागद हरवला, पाठांतर करणारा बदलला, तरी रचना कोणाची हे गाणाऱ्याच्या तोंडी राहिले. शाहिरांनी आणि पुढे भीमगीतांच्या कवींनीही हीच रीत चालवली. पण नाममुद्रा कवीला सांभाळते. टाळकऱ्याला, ढोलकीवाल्याला, मागे झील धरणाऱ्याला ती सांभाळत नाही. ध्वनिमुद्रण आले तेव्हाही पहिली अडचण नावाचीच होती. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा मेणाच्या मूळ तबकड्या जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तिथे त्यांच्या रेकॉर्डी निघत. तिथल्या कारागिरांना गाणारी व्यक्ती कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच कलाकार आपले नाव उच्चारत असे. "माय नेम इज गौहर जान" हे त्या रेकॉर्डींच्या शेवटी ऐकू येणारे वाक्य त्या व्यवस्थेचाच भाग आहे. लेबल आणि पाकीट यांनी पुढे हे काम आपल्याकडे घेतले, म्हणून गाणाऱ्याला नाव उच्चारण्याची गरज उरली नाही. आणि नेमके म्हणूनच, लेबल आणि पाकीट गेले की नाव जाते.

कायद्यानेही वेष्टनाला हे महत्त्व दिलेले आहे. १९८४ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात ५२-अ हे कलम आले. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्क ज्याचा त्याचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष हा तपशील रेकॉर्डवर किंवा कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावरही छापणे त्या कलमाने बंधनकारक झाले. हेतू चोरट्या प्रतींना आळा घालण्याचा होता. लहान कंपन्यांनी वर्ष छापण्यात कुचराई केली, पुष्कळांनी नुसता फोन क्रमांक छापून वेळ मारून नेली, हेही गुरुजींच्या फडताळात पाहायला मिळते. तरीही माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा तुळजापूरला देवीच्या दर्शनाच्या वाटेवर विकल्या गेलेल्या कॅसेटींचा कालक्रम लावायचा झाला, तर या कार्डांवाचून दुसरे साधन नाही.

दृश्य : दुपार. खिडकीला जाड पडदा. टेबलावर पिशव्या, मऊ ब्रश, पेन्सिल.

जपण्याचे काम कष्टाचे आहे, आणि मराठवाड्याच्या हवेत ते अधिक कष्टाचे होते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर चढतो, मग जूनमध्ये एकदम दमट हवा येते, आणि कागद, प्लॅस्टिक व टेप हे तिघेही या बदलाला वेगवेगळी दाद देतात. पत्र्याखाली ठेवलेली डबी वाकते. कोपऱ्यात ओल धरली की टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसू लागते. कसर कागदावरची खळ खाते, वाळवी सगळेच खाते. उन्हाचे नुकसान सर्वांत फसवे असते, कारण ते हळू होते : दुकानाच्या काचेत मांडलेल्या कव्हरांतला लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा मागे उरतो, म्हणून जुन्या दुकानांतले सगळे देव आणि सगळे गायक शेवटी निळेच दिसतात. गुरुजींच्या खोलीला त्यामुळे दिवसाही अंधार असतो.

काही चुका त्यांनी स्वतः केल्या आहेत आणि त्या दाखवायला ते संकोचत नाहीत. पोथ्यांना जसे वेखंड, तशा कॅसेटींना डांबराच्या गोळ्या, असा विचार करून त्यांनी सुरुवातीला फडताळात त्या गोळ्या ठेवल्या. डबीचे पारदर्शक प्लॅस्टिक म्हणजे बहुधा पॉलिस्टायरीन; डांबरगोळीतील नॅप्थलीनच्या वाफेने ते मऊ पडते. आमच्या हातात त्यांनी दिलेल्या एका डबीच्या झाकणावर गोळी जिथे टेकली होती तिथे वाटाण्याएवढा खळगा आहे, आणि त्याभोवतीचे प्लॅस्टिक दुधाळ झाले आहे. आता ते कडुनिंबाची वाळलेली पाने वापरतात, तीही डबीला चिकटू न देता कापडाच्या पुरचुंडीत घालून.

दुसरी चूक चिकटपट्टीची. घडीवर फाटलेले कार्ड त्यांनी पारदर्शक पट्टीने सांधले. काही वर्षांत पट्टी पिवळी होऊन गळून पडली आणि तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी डाग कायमचा राहिला. तिसरी चूक गुरुजींची नव्हे, गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांची आहे. कागद जपायचा म्हणजे लॅमिनेशन करायचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु उष्णतेने आणि डिंकाने चिकटवलेले ते प्लॅस्टिक पुन्हा धड काढता येत नाही, आणि जे काम उलट फिरवता येत नाही ते जतनाचे काम नव्हे. अभिलेखागारातील लोक लॅमिनेशन टाळतात ते याच कारणाने. पिशवीची निवडही विचार करून करावी लागते. पीव्हीसीची पिशवी मऊ राहावी म्हणून तिच्यात घातलेले द्रव्य कालांतराने बाहेर झिरपते, छापील शाईला चिकटते आणि एलपी रेकॉर्डवर धुरकट थर आणते. म्हणून गुरुजी पॉलिप्रॉपिलीनची साधी पिशवी घेतात, जी त्यांना तालुक्याच्या बाजारात साड्यांच्या दुकानदाराकडून मिळते.

रेकॉर्डींच्या जगभरच्या व्यवहारात तबकडीचा दर्जा आणि पाकिटाचा दर्जा वेगवेगळा सांगण्याचा रिवाज आहे. तबकडी नव्यासारखी, पण पाकिटावर कोणी नाव लिहिलेले असेल तर त्या पाकिटाची किंमत उतरते. जपानमध्ये रेकॉर्डच्या पाकिटाभोवती गुंडाळलेली कागदी पट्टी, जिला तिथे ओबी म्हणतात, तीसुद्धा शाबूत असावी असा संग्राहकांचा आग्रह असतो. या मापाने गुरुजींची निम्मी कार्डे नापास होतील, कारण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालणारा आपला समाज कॅसेटलाही नाव घातल्यावाचून राहत नसे. एका भक्तिगीतांच्या कॅसेटच्या कार्डावर बॉलपेनने 'ताईस, मंगळागौरीनिमित्त' असे लिहिले आहे. बाजाराच्या दृष्टीने हा डाग आहे. गुरुजींनी ते कार्ड मुद्दाम पुढच्या ओळीत लावले आहे, आणि मला त्यांचे म्हणणे पटते : ही कॅसेट कोणी कोणासाठी घेतली हेही त्या वस्तूचे चरित्रच आहे.

सीलबंद मालाबद्दल मात्र आमचा थोडा वाद झाला. फडताळात अशा सात कॅसेटी आहेत, ज्यांचे वरचे पातळ प्लॅस्टिक कोणी कधी फाडलेले नाही. हॉलोग्रामचा चकचकीत चिकटकागद जागेवर आहे, किमतीची चिठ्ठीही आहे. गुरुजींना त्या तशाच ठेवायच्या आहेत. पण चुंबकीय टेप वर्षानुवर्षे एकाच स्थितीत गुंडाळून राहिली की एका वेढ्यावरच्या आवाजाची पुसट छाप शेजारच्या वेढ्यावर उमटते आणि मग गाण्याआधीच गाण्याचा क्षीण पडसाद ऐकू येतो. शिवाय आतल्या बाजूची नावे अजून कोणीही वाचलेली नाहीत. माझ्या मते सील कडेने, ब्लेडने अलगद कापावे, फाटलेले प्लॅस्टिक हॉलोग्रामसह पिशवीत ठेवावे आणि कार्ड उघडून वाचावे. गुरुजींनी सातांपैकी एक उघडण्याची परवानगी दिली. आत गायकाच्या नावाखाली सहा साथीदारांची नावे निघाली, आणि त्यांनी ती लगेच वहीत उतरवून घेतली.

व्हीसीडी आणि डीव्हीडी त्यांच्याकडे कमी आहेत. व्हीसीडीच्या एका तबकडीत ७४ ते ८० मिनिटे मावतात, म्हणजे एका चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागतात. मूळ डबी गेली की त्या एकमेकींपासून तुटतात आणि अर्धा चित्रपट एका घरात, अर्धा भंगारात जातो. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा चित्रपट घरोघर पोहोचला; पण एवढ्या स्वस्त वस्तूचे वेष्टन जपावे असे फार थोड्यांना वाटले.

दृश्य : संध्याकाळ. फडताळाची सर्वांत खालची ओळ.

या ओळीतल्या डब्या हलक्या आहेत. उचलल्यावर कळते की त्यांत कॅसेट नाही, नुसते कार्ड आहे. अशा अकरा डब्या गुरुजींनी आठवडी बाजारातून आणि भंगारवाल्यांच्या पोत्यांतून वेचून आणल्या आहेत, आणि रिकामी डबी विकत घेणाऱ्या या माणसाकडून भंगारवाल्यांनी पुढे पैसे घेणेही सोडले. प्रत्येक डबीत कार्डाच्या मागे वहीच्या कागदाची एक चिठ्ठी आहे. तिच्यावर पेन्सिलीने कार्ड कुठे मिळाले ते गाव, तारीख, आणि खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात एकच ओळ आहे : 'टेप मिळालेली नाही. शोध चालू.'

निघण्यापूर्वी मी माझा पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे दिला. त्यांनी टेपरेकॉर्डर बाजूला सारला, नातवाला हाक मारून लॅपटॉप मागवला, आणि 'ट्रॅक ०१' सुरू होताच खालच्या ओळीतली पहिली डबी उघडून तिच्या कार्डावरची गीतांची यादी डोळ्यांसमोर धरली.