शिकारीचे छायाचित्र आणि शिकाऱ्याचा पत्ता

[दृश्य: उघडा माळ, उतरते ऊन. एक माणूस गुडघे टेकून बसतो, दुसरा कॅमेरा सरसावतो. चेहरे दिसत नाहीत.]

ट्रॉफी फोटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छायाचित्राची मांडणी ठरून गेलेली आहे. प्राण्याच्या तोंडावरचे रक्त पुसले जाते, बाहेर आलेली जीभ आत सारली जाते, शिंगे आकाशावर उठून दिसतील अशा बेताने मान वळवली जाते आणि शिकारी प्राण्याच्या मागे जरा अंतर राखून बसतो, कारण त्यामुळे प्राणी मोठा भासतो. चौकटीत काय दिसावे याची इतकी काळजी घेणारी माणसे त्याच चौकटीतून आपल्याविषयी काय बाहेर जाते, याकडे मात्र फारसे लक्ष देत नाहीत. शिकार जिथे कायदेशीर आहे तिथे परवाना काढून, हंगामात आणि नियम पाळून ती करणाऱ्या माणसाच्या खासगीपणाचा हा प्रश्न आहे. शिकार करावी की करू नये, हा वाद जुना आणि महत्त्वाचा असला तरी या माहितीपटाचा विषय तो नाही.

शिकारीची जाहीर नोंद ठेवण्याची प्रथा इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९३२ मध्ये उत्तर अमेरिकेतील मोठ्या वन्यप्राण्यांच्या विक्रमी मापांचे पहिले पुस्तक काढले. अशा नोंदींमध्ये शिंगांच्या मापांशेजारी शिकाऱ्याचे नाव, प्रदेश आणि वर्ष छापण्याची पद्धत पुढेही चालू राहिली, आणि तीत कोणाला काही वावगे वाटले नाही, कारण ते पुस्तक उघडणारा बहुधा त्याच छंदातला असे. आज तीच माहिती अशा लोकांसमोर जाते, ज्यांना शिंगांच्या मापाशी काही देणेघेणे नसते आणि मेलेला प्राणी पाहून ज्यांचा संताप होतो.

[दृश्य: सिंहाच्या गळ्यातील कॉलरचे जवळून चित्रण.]

जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह मारला गेला. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक त्याचा अभ्यास करत होते आणि त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर होती. महिनाअखेरीस शिकाऱ्याचे नाव वृत्तपत्रांत आले. ते अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एक दंतवैद्य होते. त्यानंतर जगभर फिरलेली छायाचित्रे त्यांच्या आधीच्या शिकारींची, इतर प्राण्यांसोबतची होती. काढली तेव्हा ती ओळखीच्या वर्तुळासाठी असतील. आता ती एका वेगळ्याच घटनेचा पुरावा म्हणून पाहिली जाऊ लागली. दवाखान्याच्या दारात निदर्शने झाली, दवाखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला, दातांच्या उपचारांशी संबंध नसलेल्या हजारो लोकांनी त्याविषयी प्रतिकूल अभिप्राय नोंदवले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि फ्लोरिडातील त्यांच्या सुटीतल्या घराची नासधूस करण्यात आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये झिम्बाब्वे सरकारने त्यांची कागदपत्रे नियमानुसार असल्याचे सांगून त्यांच्यावर खटला न भरण्याचा निर्णय जाहीर केला, पण तोवर दवाखान्याचे दार आणि घराची भिंत साऱ्या जगाने पाहिलेली होती.

या प्रकरणात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. एखाद्या शिकारीवर टीका करणे, तिचा निषेध करणे, तिच्याविरुद्ध कायदा मागणे हा कोणाचाही अधिकार आहे आणि जो माणूस आपले छायाचित्र स्वतः लोकांपुढे ठेवतो त्याला लोकांचे मतही ऐकावे लागते. त्या माणसाचा घरचा पत्ता, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याच्या हाताखालच्या माणसांची नोकरी मात्र त्या मताच्या कक्षेत येत नाहीत. शिकाऱ्याला खासगीपणाच्या नावाने मागता येते ते हे दुसरे संरक्षण. पहिल्यापासून सुटका मागण्याचा हक्क त्याला नाही.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर एका छायाचित्राचा तपशील. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ.]

छायाचित्र ही केवळ प्रतिमा नसते. १९९५ मध्ये जपानी उद्योगाने तयार केलेल्या एक्झिफ या मानकानुसार कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीचा एक थर साठवतो. कॅमेऱ्याचे मॉडेल, छायाचित्र घेतल्याची तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत, काही कॅमेऱ्यांत यंत्राचा अनुक्रमांक, आणि मोबाइलमध्ये स्थानाची परवानगी दिलेली असल्यास अक्षांश, रेखांश, उंची आणि कित्येकदा कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते हेसुद्धा त्यात असते. डिसेंबर २०१२ मध्ये संगणक सुरक्षा क्षेत्रातील उद्योजक जॉन मॅकॅफी पोलिसांना टाळत लपून होते, तेव्हा त्यांच्यासोबत असलेल्या एका नियतकालिकाच्या पत्रकारांनी त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. फाइलमधील स्थानाची नोंद पुसायची राहून गेली होती आणि मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे वाचकांनी काही वेळातच शोधून काढले. हे व्यवसायाने पत्रकारिता करणाऱ्यांच्या हातून घडले, तर दिवसभर चालून दमलेल्या शिकाऱ्याकडून ते घडले यात नवल वाटू नये.

मोठी समाजमाध्यमे लोकांना दाखवल्या जाणाऱ्या प्रतीतून ही माहिती सहसा काढून टाकतात, आणि त्यामुळे अनेकांना आपण सुरक्षित आहोत असे वाटते. परंतु मूळ फाइल त्या कंपनीपर्यंत पोहोचलेली असते. शिवाय तेच छायाचित्र ई-मेलला जोडून पाठवले, सामायिक फोल्डरमध्ये ठेवले किंवा व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले, तर सारी माहिती जशीच्या तशी पुढे जाते. नोंदपुस्तकासाठी किंवा मोठ्या छपाईसाठी स्वच्छ प्रत मागितली जाते तेव्हा नेमके हेच मार्ग वापरले जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थानाची परवानगी आधीच बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, कारण जे नोंदलेच गेले नाही ते पुसण्याची आठवण ठेवावी लागत नाही.

चित्रातली दृश्य माहिती याहून अवघड आहे, कारण ती बंद करणारे बटण नाही. मागच्या डोंगररांगेची रेषा उपग्रहचित्रांशी आणि उंचीच्या नकाशांशी ताडून पाहता येते. सावलीच्या दिशेवरून आणि लांबीवरून वेळेचा अंदाज बांधता येतो. शेताच्या फाटकावरची पाटी, विजेच्या खांबावरचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट, टोपीवर कोरलेले स्थानिक दुकानाचे नाव यांपैकी एकही गोष्ट पुरेशी ठरते. अमेरिकेतील अनेक राज्यांत मारलेल्या हरणाच्या शिंगाला किंवा पायाला परवान्याची चिठ्ठी लगेच बांधावी लागते. तीवर शिकाऱ्याचे नाव किंवा क्रमांक असतो आणि नियम पाळल्याची अभिमानाची खूण म्हणून ती कॅमेऱ्यासमोर मुद्दाम धरलीही जाते. जागेच्या मालकाचा विचार तर बहुधा कोणाच्याच मनात येत नाही. त्याने एका ओळखीच्या माणसाला आपल्या जमिनीवर येऊ दिलेले असते, आणि छायाचित्रातून ती जागा ओळखू आली की पुढच्या हंगामात अनोळखी माणसे फाटकाशी उभी राहतात.

[दृश्य: टेबलावर उघडा लॅपटॉप. ई-मेलच्या यादीवरून कॅमेरा हळूहळू सरकतो.]

तरीही खासगीपणाचे मोठे अपघात फाइलमधून होत नाहीत, माणसांमधून होतात. २०१८ मध्ये आयडाहो राज्याच्या मासेमारी आणि शिकार आयोगाच्या एका सदस्याने नामिबियातील शिकारीची छायाचित्रे शंभराहून अधिक ओळखीच्या लोकांना ई-मेलने पाठवली. त्यांत मारलेल्या बबून माकडांच्या कुटुंबासोबतचे एक हसरे छायाचित्र होते. ते समाजमाध्यमावर टाकलेले नव्हते. ज्यांना आवडेल असे वाटले त्यांनाच पाठवलेले होते. त्यांच्यापैकी काहींना ते आवडले नाही, आयोगाच्या माजी सदस्यांनीच जाहीर आक्षेप घेतला, राज्यपालांनी राजीनामा मागितला आणि ऑक्टोबरमध्ये तो देण्यात आला. शिकार कायदेशीर असल्याचा त्यांचा दावा होता. सार्वजनिक पदावरील व्यक्तीची अशी झडती होणे मला रास्त वाटते, पण यातील यंत्रणा सामान्य माणसालाही तशीच लागू पडते. केवळ मित्रांसाठी ठेवलेल्या छायाचित्राची सुरक्षितता त्या यादीतील सर्वांत नाराज मित्राइतकीच असते, आणि पडद्याचे छायाचित्र घ्यायला त्याला क्षणभर पुरतो.

स्पेनचे तत्कालीन राजे हुआन कार्लोस यांच्याबाबतीत छायाचित्र दुसऱ्याच माणसाच्या ताब्यात होते. एप्रिल २०१२ मध्ये बोट्स्वानात शिकारीच्या सहलीवर असताना पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, त्यामुळे त्या गुप्त सहलीचा गौप्यस्फोट झाला. देश आर्थिक संकटात असताना लोकांचा रोष उसळला आणि त्याच वेळी मेलेल्या हत्तीसमोर बंदूक घेऊन उभे असलेल्या राजांचे एक जुने छायाचित्र सर्वत्र झळकले. ते आधीच्या एका सहलीचे होते आणि सफारी आयोजित करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर होते. राजांनी जाहीर माफी मागितली. जागतिक वन्यजीव निधीच्या स्पेनमधील शाखेने त्याच वर्षी त्यांचे सन्माननीय अध्यक्षपद रद्द केले.

सफारी आयोजकाच्या दृष्टीने पाहिल्यास हे स्वाभाविक आहे. यशस्वी शिकारीचे छायाचित्र हीच त्याची जाहिरात असते आणि कॅमेरा पुष्कळदा त्याच्याच मार्गदर्शकाच्या हातात असतो. बहुतेक देशांच्या कायद्यानुसार छायाचित्राचा स्वामित्वहक्क मुळात ते काढणाऱ्याकडे किंवा त्याच्या मालकाकडे जातो, चित्रात दिसणाऱ्याकडे नाही. म्हणजे हजारो डॉलर भरून आलेल्या शिकाऱ्याचे स्वतःच्याच चेहऱ्याच्या छायाचित्रावर स्वामित्व असेलच असे नाही, आणि नोंदणीच्या अर्जात प्रसिद्धीला संमती देणारे एक वाक्य असेल तर चेहरा वापरल्याची तक्रार करण्याची वाटही बिकट होते. ते वाक्य सहीपूर्वी वाचणे, नको असल्यास खोडणे, आणि छायाचित्र वापरलेच तर नाव, गाव व सहलीची तारीख सोबत छापू नये असे लिहून घेणे, हा अर्ध्या तासाचा उद्योग नंतरच्या कोणत्याही सेटिंगपेक्षा अधिक उपयोगी पडतो. त्या छायाचित्रात कडेला उभे असलेले माग काढणारे स्थानिक मदतनीसही असतात. त्यांचे चेहरे तितकेच स्पष्ट दिसतात, रोष उसळला तर तो त्यांच्या गावापर्यंत जाऊ शकतो, आणि त्यांची संमती घेण्याची तसदी क्वचितच कोणी घेते.

[दृश्य: न्यायालयाच्या इमारतीच्या पायऱ्या.]

कायद्याचे संरक्षण आहे, परंतु ते भलत्याच ठिकाणी आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर शिकारीत जाणूनबुजून अडथळा आणण्यास मनाई करणारे कायदे आहेत; मात्र ते रानातल्या अडथळ्यासाठी आहेत, पडद्यावरच्या संतापासाठी नाहीत. विस्कॉन्सिन राज्याने २०१६ मध्ये याहून पुढे जाऊन शिकाऱ्यांच्या मागावर राहणे व त्यांचे चित्रीकरण करणे हेही अशा अडथळ्यांत धरले, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर ते कलम २०२३ मध्ये संघीय अपील न्यायालयात टिकले नाही. वायोमिंगने लांडग्याची कायदेशीर शिकार करणाऱ्याची ओळख सरकारी नोंदींत गोपनीय ठेवण्याची तरतूद केली आहे. ती उपयुक्त असली, तरी शिकाऱ्याने स्वतःच नावासह छायाचित्र प्रसिद्ध केले तर तिला काही अर्थ उरत नाही.

खासगीपणाच्या आड चोरटी शिकार लपते, हा आक्षेप गंभीर आहे. बेकायदा शिकार करणारे अनेकजण आपल्याच बढाईखोर छायाचित्रांमुळे सापडतात. हंगामाबाहेरची तारीख किंवा संरक्षित क्षेत्रातील पार्श्वभूमी तपास अधिकाऱ्यांना पुरेशी असते. म्हणून सार्वजनिक प्रतीतून स्थान काढून टाकताना मूळ फाइल, परवाना आणि नोंदी घरी जपून ठेवणे हे प्रामाणिक शिकाऱ्याच्या हिताचेच आहे. अधिकाऱ्याने विचारले तर सारे दाखवावे. अनोळखी गर्दीला पत्ता देण्याचे बंधन कोणावर नाही.

वेळही महत्त्वाची आहे. रानातूनच टाकलेले छायाचित्र घर रिकामे असल्याचे सांगते, आणि ज्याच्या हातात बंदूक दिसते त्याच्या घरी आणखी बंदुका असण्याची शक्यता चोराला सहज कळते. परत आल्यावर, आठवड्याने किंवा हंगाम संपल्यावर ते टाकले तर त्यातला आनंद कमी होत नाही.

राहता राहिली जुनी छायाचित्रे. मिनेसोटाच्या प्रकरणात तीच बाहेर आली होती, त्यामुळे आपल्या नावाने वर्षांपूर्वी काय काय ठेवले गेले आहे, हे पाहण्याची सुरुवात तिथूनच करायला हवी. युरोपीय न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिलेल्या निकालामुळे तेथील नागरिकाला आपल्या नावाच्या शोधातून कालबाह्य किंवा अप्रस्तुत दुवे काढण्याची मागणी शोधयंत्राकडे करता येते. ती मान्य झाली तरी छायाचित्र मूळ संकेतस्थळावर तसेच राहते, म्हणून दुसरी विनंती त्या संकेतस्थळाच्या चालकाकडे स्वतंत्रपणे करावी लागते, आणि तो चालक बहुधा तोच सफारी आयोजक असतो.